आधी लाल होईल

“बॅज काढून ठेव,” मामा म्हणाला. “घामानं खराब होतो.”

मी छातीवरचा बॅज काढून त्याच्या हातात दिला. समोरासमोर मी मामाला अहोजाहो करायचो. आज लिहिताना ते जमत नाही, म्हणून ‘म्हणाला’ असंच लिहितोय.

मे महिन्यातली दुपार होती. सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात नवा बॉयलर उभा राहत होता. गाळप बंद होतं आणि आवारात फिटर, वेल्डर, बिगारी यांची नुसती गर्दी. ती माणसं जेवायला गेली की आमचं काम सुरू व्हायचं. बॉयलरच्या नळ्यांचे वेल्डिंगचे जोड आतून पक्के आहेत का, हे बघायला आम्ही त्यांचे फोटो काढायचो, दवाखान्यात हाडाचा एक्स-रे काढतात तसे. जाड लोखंडातून आरपार जायला जोरदार किरण लागतात. ते देणारा इरिडियमचा तुकडा आमच्याकडे एका पिवळ्या, भयंकर जड पेटीत बंद असायचा. पेटीला आम्ही कॅमेरा म्हणायचो. तुकडा बारीक, पोलादी टोपणात बसवलेला आणि त्याला बोटभर लांबीची लवचिक तार. हँडल फिरवलं की केबल त्याला पेटीतून बाहेर ढकलायची आणि ट्यूबमधून वर जोडापर्यंत न्यायची. काही मिनिटांनी हँडल उलटं फिरवायचं, की तो परत पेटीत. तो बाहेर असेपर्यंत चारी बाजूंना दोरी, लाल पाट्या, आणि आपण लांब भिंतीआड. हे किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, ते अंगावर पडले तरी कळत नाही. म्हणून तर बॅज. अंगावर किती किरण पडले ते बॅज टिपून ठेवायचा आणि तो मुंबईला तपासायला जायचा.

मी शिकाऊ होतो. मामा मोठा, परवानाधारक माणूस. भानुदास मामा म्हटलं की साइटवरचे इंजिनियरसुद्धा खुर्ची द्यायचे.

त्या दुपारी त्यानं हँडल उलटं फिरवलं. केबल परत आली. तो किरण मोजायचं मीटर घेऊन पेटीकडं दोन पावलं गेला आणि मीटर एकसारखं करकरलं. मामानं लगेच ते बंद केलं आणि माघारी भिंतीआड आला.

“काय झालं?” मी विचारलं.

“सेल उतरलेत. उगाच वाजतंय.” त्यानं गळ्याभोवतीच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि बराच वेळ वर बॉयलरभोवतीच्या लोखंडी जाळीच्या माचीकडं बघत राहिला. मग म्हणाला, “अंबादास, घोळ झालाय जरा. सकाळी केबल तपासायला मी डमी लावली होती. तीच वर गेली. ट्यूबचं तोंड सुटून जाळीवर पडली असणार.”

डमी म्हणजे नव्या पोरांना सरावासाठी दिलेला खोटा तुकडा. दिसायला हुबेहूब, पण आत काही नाही. पहिल्या महिन्यात मी तीच हाताळत होतो.

“मी आणतो,” मी म्हणालो.

तेव्हा त्यानं बॅज काढायला सांगितला. शिडीच्या पायथ्याशी त्यानं शिशाचा डबा आधीच सरकवून ठेवला होता. “खाली आणून डब्यात टाक. आणि लवकर ये, लोकं जेवून येतील.”

मी वर चढलो. जाळी तव्यासारखी तापली होती. ट्यूबच्या तोंडापासून हातभर अंतरावर तो तुकडा पडला होता, चकचकीत, उन्हात चमकणारा. मी तो अंगठा आणि दोन बोटांत उचलला. ना चटका, ना मुंग्या. शिडी उतरायला दुसरा हात मोकळा ठेवला आणि मधेच थांबून मामाला दाखवायला हात उंच केला. मामा कुठे दिसेना. मग धुराड्याच्या पायथ्याच्या काँक्रीटआडून त्याचं डोकं बाहेर आलं.

“खेळू नको!” तो ओरडला. “डब्यात टाक! डब्यात टाक आधी!”

मामा असा माझ्यावर कधी ओरडला नव्हता. मी धडधड उतरलो, तुकडा डब्यात टाकला आणि झाकण लावलं. सावलीसाठी तो तिकडं जाऊन उभा राहिला असेल, असं मला वाटलं. पुढचं काम त्यानं एकट्यानं केलं. मला कँटीनला पाठवलं आणि म्हणाला, “आज तुला सुट्टी. दोन भजी जास्त खा.”

मी शाळेत होतो तेव्हा माझे वडील विहिरीच्या कामावर असताना वारले. दहावा झाल्यावर आमच्या भावकीतलं कुणी फिरकलं नाही. मामा बैलगाडी घेऊन आला, भांडीकुंडी भरली आणि आईला आणि मला आपल्या घरी घेऊन गेला. त्याला तीन मुली, मुलगा नाही. जेवायला बसलं की माझं ताट त्याच्या शेजारी. मला आयटीआयला त्यानं घातलं, या कामावरही त्यानंच लावलं. “हा माझा उजवा हात,” असं तो चारचौघांत माझ्याबद्दल सांगायचा.

त्या संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी येताना मला मळमळायला लागलं. अंगणात पोचलो आणि मोरीच्या कडेला बसून ओकलो. मामी म्हणाली, कँटीनचं तेल. मामा आईला हाक मारून मळ्याच्या बाजूला घेऊन गेला. दोघं बहीणभाऊ बांधावर बराच वेळ बोलत उभी होती. आई परत आली ती माझ्याजवळ न येता सरळ चुलीपुढं जाऊन बसली.

सकाळी मी डोळे उघडले तर आई उशाशी बसलेली. माझा उजवा हात तिच्या मांडीवर होता आणि ती बोटं निरखत होती.

“काय गं?”

“काय न्हाई. जरा लाल दिसतंय.”

खरंच अंगठा आणि दोन बोटं लालसर झाली होती, उन्हानं भाजल्यासारखी. आत बारीक जळजळ होती. आईनं परसातून कोरफड तोडून आणली आणि गर लावला. दोनतीन दिवसांत लाली गेली. मी कामावर जायला लागलो. मामा मला आता कॅमेऱ्याजवळ येऊ देत नव्हता. फिल्म धुवायच्या खोलीत बसवायचा. “तिकडचं काम शिक जरा, पुढं उपयोगी पडेल,” म्हणायचा. मला ती बढतीच वाटली.

पुढच्या पंधरवड्यात बोटं पुन्हा लाल झाली, आणि या वेळी सुजली. एके दिवशी सकाळी अंगठ्याच्या पेरावर पाण्यानं भरलेला फोड आला, मग तर्जनीवर, मग मधल्या बोटावर. फोड फुटले आणि खालून कच्चं मांस दिसायला लागलं. दुखणं म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. कापलं, भाजलं, ठेचलं, तर दुखणं वर असतं, फुंकर घालता येते. हे आतून, हाडाजवळून यायचं. मी हात उशाखाली दाबून आरडाओरडा करायचो.

“दवाखान्यात जाऊ या,” मी म्हणायचो.

“भानू म्हणतूय बरं हुईल,” आई म्हणायची. “त्याला कळतंय त्यातलं. दम धर.” आणि कोरफड लावायची.

बोटांची टोकं काळी पडायला लागली तेव्हा मामाच म्हणाला, “चल बार्शीला.” वाटेत मोटारसायकल थांबवून त्यानं मला समजावलं, “डॉक्टरनं विचारलं तर गरम पायपाला हात लागला म्हण. साइटवरचं काही बोलू नको. उगाच कामगार कायदा, नोटिसा, नसती भानगड मागं लागते.” मला ते पटलं. गरम पायपाला माझा हात एकदा नाही, दहादा लागला असेल.

बार्शीचे डॉ. बागवान वयस्कर होते. त्यांनी पट्टी सोडली, चष्मा कपाळावर चढवला आणि हात खिडकीजवळ नेऊन पाहिला.

“भाजलं कधी?”

“महिना होत आला.”

“आणि फोड?”

“ते आता, दोनेक आठवडे झाले.”

“भाजल्यावर फोड त्याच दिवशी येतो बाळ. पंधरा दिवस वाट बघत नाही.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “काम काय करतोस?”

मामा मध्ये बोलायला गेला. डॉक्टरांनी हातानंच त्याला थांबवलं. मी काम सांगितलं. कॅमेरा, किरण, जोडांचे फोटो. ते खुर्चीत मागं टेकले आणि मामाला म्हणाले, “तुम्ही बाहेर बसा जरा.” त्याच दुपारी त्यांनी मला मुंबईच्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलची चिठ्ठी दिली आणि त्या हॉस्पिटलला स्वतः फोन लावला.

आईला घेऊन मी मुंबईला गेलो. मामा आला नाही. साइट सोडता येत नाही म्हणाला.

हॉस्पिटलात डॉ. कर्णिक नावाच्या बाई होत्या. रोज सकाळी खाटेजवळ स्टूल ओढून बसायच्या. किरणांनी कॅन्सरवर उपचार करणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम, त्यामुळे त्या किरणांच्या दोन्ही बाजू ओळखून होत्या. एकदा मी त्यांना विचारलं, “मॅडम, मी तर फक्त उचललं. मिनिटभर हातात असेल, फार तर दोन मिनिटं. तेवढ्यानं एवढं कसं?”

“लांबून पडणारा किरण आणि मुठीत धरलेला किरण यात जमीनअस्मानाचा फरक आहे अंबादास. शेकोटीपासून दहा पावलांवर ऊब लागते. निखारा हातात घेतला तर?”

“पण चटका बसला नाही.”

“तेच तर. हे किरण पेशीच्या आत जाऊन तोडमोड करतात. पेशी लगेच मरत नाही, चालू राहते. पण तिच्यापासून नवी पेशी तयार व्हायची वेळ येते ना, तेव्हा ते जमत नाही. कातडी रोज वरून झिजते आणि खालून नवी येते. तुझ्या बोटांत खालून नवी यायची बंद झाली. जुनी झिजेपर्यंत सगळं ठीक दिसलं, म्हणून एवढे दिवस गेले. मग बारीक रक्तवाहिन्या बंद पडत गेल्या, म्हणून बोटं काळी पडली.”

शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको माझ्या खाटेला शिवायची नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा लांबून ठेवायची. डॉ. कर्णिकांनी ते पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, “याच्या अंगातून काही बाहेर येत नाही हं. उन्हात उभं राहिलं तर ऊन अंगात भरून राहतं का? हा तुमच्यासारखाच आहे. नुसता पोळलाय.”

मग त्यांनी मला बॅजचं विचारलं. सरकारच्या सुरक्षा विभागाकडून त्यांना कळलं होतं की त्या महिन्याचा माझा बॅज तपासला गेला, आणि त्यावर काहीही नव्हतं.

“तू बॅज लावला नव्हतास का?”

“काढून ठेवला होता.”

“का?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. घामानं खराब होतो. मग बाकीच्या दिवसांत घाम येत नव्हता का? मेच्या उन्हात आम्ही दिवसभर बॅज लावून फिरत होतो. मामानं तो आधी कधी काढायला लावला नव्हता आणि नंतरही नाही. त्याच दिवशी. तेवढ्याच वेळापुरता. शिशाचा डबाही आधीच शिडीखाली सरकवलेला होता. डमीला किरण अडवणारा शिशाचा डबा कशाला लागतो?

“बॅज कोरा असला तरी बिघडत नाही,” डॉ. कर्णिक म्हणाल्या. त्यांना वाटलं मी घाबरलो. “तुझ्या रक्तात सगळं लिहिलेलं आहे. पांढऱ्या पेशी किती उतरल्या, पेशींच्या आतल्या धाग्यांची कशी मोडतोड झाली, त्यावरून किती किरण पडले ते काढता येतं. रक्त काही काढून ठेवता येत नाही.”

तर्जनी आणि मधलं बोट काढावं लागलं. अंगठा वाचवायची त्यांनी खूप धडपड केली, पण जखमेत पू झाला होता आणि तो खोलवर गेला होता. शेवटी अंगठाही गेला. मी त्यांना विचारलं, “वेळेवर आलो असतो तर?”

“बोटं कदाचित तरीही गेली असती,” त्या म्हणाल्या. “अंगठा मात्र बहुतेक राहिला असता. जखम पहिल्यापासून स्वच्छ ठेवली असती तर. आणि इतकं दुखू दिलं नसतं आम्ही.”

अंगठा नसला की हात म्हणजे काय उरतं, ते बटण लावताना कळतं.

ऑपरेशननंतर मामा आला. संत्री घेऊन आला होता. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून त्यानं माझ्या पट्टीकडं पाहिलं आणि मग खिडकीकडं. आई त्याच्यासाठी चहा आणायला खाली गेली.

“चौकशीला मुंबईचे अधिकारी येणारेत,” तो म्हणाला. “जाळीवर चमकणारं काहीतरी दिसलं, तू तुझ्या मनानं उचललं, असं सांग. शिकाऊ आहेस, तुला कोण काय करणार?”

“ती डमी होती ना मामा?”

त्यानं संत्र्यांची पिशवी खाटेवर ठेवली.

“मीटर वाजलं होतं. सेल उतरलेलं मीटर वाजत नाही, बंद पडतं. तुम्हाला माहीत होतं.”

“तुकडा लांबून उचलायचा चिमटा पुण्याच्या साइटवर राहिला होता,” तो हळू आवाजात म्हणाला. “कंपनीला कळवलं असतं तर काम बंद पडलं असतं, माझा परवाना गेला असता. तुकडा अडकवायचा केबलचा हूक झिजलाय हे मला आठवडाभर माहीत होतं. माझी चूक निघाली असती.”

“मग तुम्ही का नाही गेलात वर?”

तेव्हा तो जे बोलला, त्यातला एकही शब्द मी विसरलेलो नाही. तो समजावणीच्या सुरात बोलत होता, हिशोब सोपा करून सांगावा तसा.

“माझ्या अंगावर त्या वर्षात आधीच बरेच किरण पडले होते रे. आणखी पडले असते तर मला कामावरून उठवलं असतं. तुझं अंग कोरं होतं. मला वाटलं, तरणं पोर आहे, पटकन जाईल, पटकन येईल. तुझ्या अंगाला ते पेलेल.”

आई चहा घेऊन आली. त्यानं उभ्या उभ्या चहा घेतला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेला.

मला त्याचा राग आलाच. पण खरं सांगायचं तर मी कोसळलो नाही. भित्रा माणूस भीतीपोटी काय करेल ते सांगता येत नाही, असं मी स्वतःला समजावलं. आणि आई होती ना. एवढे दिवस ती माझ्या खाटेखाली फाटकी सतरंजी टाकून झोपत होती. माझी वेणीफणी सोडून बाकी सगळं तीच करत होती, असं नर्स थट्टेनं म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात निघालो होतो. वॉर्डाच्या दाराबाहेर बाकावर आई बसली होती आणि तिच्याशेजारी जालन्याकडची एक बाई पदरानं डोळे पुसत होती. तिच्या नवऱ्याच्या गळ्याला गाठ होती आणि त्यावर किरणांचे उपचार चालले होते. गळ्याची कातडी लाल झाली म्हणून ती घाबरली होती. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती,

“भिऊ नका ओ बाई. आधी लाल हुतंय, मग फोड येत्यात, मग नवी कातडी येती. माझ्या भावानं मला पयल्याच दिवशी सांगितलं हुतं. आमचं पोरगं घरी आलं त्याच दिवशी.”

मी दारातच उभा राहिलो. पुढं आई काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. बाई उठून गेल्यावर मी आईसमोर जाऊन उभा राहिलो.

“पहिल्याच दिवशी म्हणजे कधी?”

तिनं वर पाहिलं. माझ्या तोंडाकडं पाहून तिला कळलं.

“कधी सांगितलं मामानं?”

“तू मोरीपाशी वकत हुतास तवा,” ती म्हणाली. “बांधावर न्हेलं मला त्यानं.”

“काय म्हणाला?”

“म्हणला, आक्का, पोराच्या हातात खरा माल आला. चूक झाली माझ्याकडनं. आधी लाल हुईल, मग फोड येतील, मग नवी कातडी येईल. दवाखान्यात न्हेलंस तर माझं लायसन जातंय, मला आत टाकतील.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“त्यो रडत हुता रं. भानू कवा रडला न्हाई. आमचा बाप मेला तवाबी न्हाई रडला.”

“मी पण रडत होतो आई. महिनाभर रडत होतो. तू उशाशी बसलेली असायचीस.”

पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“मी रोज कोरफड लावत हुते न्हवं?” ती म्हणाली.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. आमच्यामध्ये ती जालन्याची बाई बसली होती तेवढी जागा रिकामी राहिली. आई आपणहून बोलायला लागली. वडील गेले तेव्हा आम्हाला कुणी दारात उभं केलं नाही, भानू आला. त्यानं कधी बायकोला आम्हाला उणंदुणं बोलू दिलं नाही. त्याच्या तीन पोरींची लग्नं व्हायचीत, तो तुरुंगात गेला तर त्या घराचं काय होईल. “तुजी बोटं आता काय माघारी यायची न्हाईत,” ती म्हणाली. “उद्या सायेब येतील त्यास्नी सांग, मला सापडलं आन मी उचललं. माझ्यासाटी सांग.”

मी तिला विचारलं, “अंगठा राहिला असता हे तुला माहीत आहे का? डॉक्टर बोलल्या तेव्हा तू तिथंच होतीस.”

ती म्हणाली, “व्हय. ऐकलं म्या.”

अधिकारी दोघं आले. एक जण लिहून घेणारा, एक विचारणारा. विचारणारे साहेब मऊ बोलायचे. त्यांनी माझ्या खाटेभोवती पडदा ओढून घेतला. आई पडद्याच्या आत, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. त्यांनी तिला बाहेर जायला सांगितलं नाही आणि मीही नाही.

मी सगळं सांगितलं. झिजलेला हूक, करकरलेलं मीटर, बॅज, डमी, शिशाचा डबा, धुराड्याआडून निघालेलं मामाचं डोकं. मामा खाटेपाशी उभा राहून काय म्हणाला तेही सांगितलं. लिहिणाऱ्यानं एकदा हात थांबवून माझ्याकडं पाहिलं.

“मामा म्हणजे सख्खे?” त्यानं विचारलं.

“सख्खे.”

साहेबांनी शेवटी विचारलं, “घरी कुणाला हे माहीत होतं का? म्हणजे, दवाखान्यात न्यायला एवढा उशीर झाला, तो कुणी जाणूनबुजून केला का?”

आईनं तोंडात पदर धरला होता. ती जमिनीकडं बघत होती.

“नाही,” मी म्हणालो. “मामानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.”

साहेब उठले, पडदा बाजूला केला, माझ्या डाव्या हाताशी हात मिळवून गेले. मला वाटलं, आता आई उठून जवळ येईल. ती उठली आणि खाटेखालची सतरंजी गुंडाळायला लागली. आपली दोन लुगडी पिशवीत भरली. फणी भरली.

“कुठं निघालीस?”

“भानूच्या घरी कुणीतरी पायजे आता,” ती म्हणाली. “पोलिस येतील. पोरी भेदरतील. तुला हितं डाक्टर हाईत, नरसा हाईत.”

“आई, मी तुझं नाव घेतलं नाही.”

“त्याचं घ्याय नको हुतंस,” ती म्हणाली आणि गेली. व्हरांड्याच्या टोकापर्यंत मला तिची पाठ दिसत होती.

मामाचा परवाना गेला, पण तो तुरुंगात फार दिवस राहिला नाही. पुढं गावात टेम्पो चालवायचा. तिन्ही मुलींची लग्नं झाली. एकाही लग्नाचं बोलावणं मला आलं नाही. मी गावी परतलो नाही, ठाण्यात राहिलो. डॉ. कर्णिकांच्या ओळखीनं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी मिळाली. डाव्या हातानं लिहायला शिकलो. लग्न झालं, मुलगी झाली. रक्त तपासायला दरवर्षी हॉस्पिटलात जातो. अजून तरी काही निघालेलं नाही. निघणारच नाही असं कुणी सांगत नाही.

मामा हार्टनं गेल्यावर मामीनं घर धाकट्या जावयाच्या ताब्यात दिलं. तिथं आईला जागा उरली नाही. मी जाऊन तिला घेऊन आलो. बायकोनं तिचं सगळं केलं, मुलगी तिच्या कुशीत झोपायची. मीही तिला कधी वेडंवाकडं बोललो नाही. औषधं आणायचो, डोळ्यांचं ऑपरेशन केलं, देवदर्शनाला न्यायचो. लोक म्हणायचे, लेक असावा तर असा.

मागच्या वर्षी, दिवाळी होऊन गेली होती, आम्ही दोघंच घरी होतो. गॅलरीत चहा घेत बसलो होतो. आईनं विचारलं,

“भानूला माफ केलंस का रं?”

“मामाला होय?” मी म्हणालो. “त्याला केव्हाच केलं.”

आई पुढचं ऐकायला थांबली. मी दोन्ही कपबशा उचलल्या आणि आत गेलो.